एंटर दाबेपर्यंत

सकाळी तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. हा नेम लग्नाआधीपासूनचा, माझ्या आईकडून आलेला. दिवा लागला की रामनामाची वही उघडायची, एकशे आठ वेळा नाव लिहायचं, मग चूल. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात देवाचं नाव किती वेळा लिहिलं ते त्यालाच ठाऊक, पण घरच्या माणसाचं नाव मी एकदाही तोंडातून काढलं नाही, की कागदावर लिहिलं नाही. रेशनकार्ड असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, लिहायला नेहमी दुसरं कोणी असायचंच. मी त्यांना रिताचे बाबा म्हणते. रिता आमची एकुलती एक मुलगी, नाकाडोंगरीला दिली आहे. ती व्हायच्या आधी मी त्यांना नुसतं ‘अवो’ म्हणायचे, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं.

मागच्या चैत्रात रिताच्या बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ पूर्ण गेली नाही, पण जड झाली. एक शब्द येतो, मग बराच वेळ काहीच येत नाही. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, डोक्यात वाक्य तयारही असतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. मी मान हलवली. डॉक्टरांचं बोलणं तेव्हा मला कळलं असं वाटलं होतं.

आम्ही कारध्याचे. वैनगंगेच्या काठावर आमची मासे धरणाऱ्यांची घरं. आमच्या संस्थेकडे एक तलाव आहे आणि त्यात पाळीनं जाळं टाकायची रीत आहे. एका घराची एक पाळी. ज्याच्या नावे पाळी, तो संस्थेच्या बैठकीत बसतो, त्याच्या शब्दाला किंमत असते, त्याच्या घरची चूल कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. आमची पाळी सासऱ्यांपासूनची. ज्याला पाण्यावर जाणं होत नाही त्यानं पाळी कोणाला द्यायची ते पाच जणांसमोर तोंडानं सांगायचं. लिहून दिलेलं चालत नाही. जुन्या लोकांना लिहिता येत नव्हतं म्हणून पडलेली ही रीत अजून कोणी मोडली नाही.

कार्तिकात संस्थेचे सचिव भोजराजभाऊ चार जणांना घेऊन घरी आले. खाटेपाशी स्टूल ओढून बसले, मांडीवर रजिस्टर घेतलं.

“सांगा दादा, पाळी कोनाले द्याची?”

रिताच्या बाबांनी खूप जोर लावला. कपाळाची शीर फुगली.

“भूपेंद्र,” ते म्हणाले.

भूपेंद्र म्हणजे आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा. लकव्यानंतर आमचा डोंगा तोच वल्हवतो. भोजराजभाऊंनी नाव लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. “झालं मंग. मांगशीरच्या बैठकीत पुन्हा एकदा सर्वाईसमोर सांगा, अन पक्कं होते.”

रिताच्या बाबांनी डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर दोन-तीनदा ठोकलं. भोजराजभाऊ हसून म्हणाले, “हो हो दादा, समजलं.” चहा पिऊन सगळे गेले.

मी कपबशा विसळत बसले. भूपेंद्र वाईट नाही. पण पाळी त्याच्या नावे झाली की उद्यापासून तलावातली मासोळी त्याच्या घरी उतरणार. मग त्याची बायको आमच्याकडे वाटा पाठवणार, कधी आठवणीनं, कधी विसरून. मी या घरात मागणारी होणार. हा विचार आला आणि लगेच दुसरा आला, की हा लोभ आहे. त्यांनी आपल्या तोंडानं नाव घेतलं, मग मी कोण? मी गप्प राहिले. गप्प राहणं मला सोपं जातं. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात.

संस्थेनं याच वर्षी आणखी एक ठरवलं होतं. घरच्या बाईचंही नाव यादीत घ्यायचं आणि यादी कॉम्प्युटरवर करायची. कॉम्प्युटर जुना, कोणीतरी दिलेला. त्याच्यावर रंगीत काही चालत नव्हतं. भूपेंद्रची बहीण प्रेरणा भंडाऱ्याला कॉलेजात तेच शिकते. तिनं त्याच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक प्रश्न येतो, त्याच्यापुढे छोटी रेघ लुकलुकत राहते. आपण लिहायचं, एंटरचं बटण दाबायचं, मग पुढचा प्रश्न. बटणांवर तिनं मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पडद्यावर वेलांटी कधीकधी अक्षर सोडून बाजूला जाऊन बसायची, पण वाचता यायचं.

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात तिनं बायकांना बोलावलं. माणसं सकाळी पाण्यावर असतात, तेव्हा बायकांनीच येऊन माहिती भरायची. मला म्हणाली, “मोठी आई, पयले तू बस. तुले जमलं तं साऱ्याईले जमते.”

“मले काहून? मी तं रामनामाशिवाय काही लिहिलं नाही.”

“म्हणूनच.”

मी बसले. मागे आठ-दहा जणी उभ्या. त्यांत जनाबाई पुढे. जनाबाई वयानं माझ्याहून मोठी, तोंडानं गावात सगळ्यांत मोठी.

पहिला प्रश्न आला: तुमचे नाव? ते मी एकेक बटण शोधून टाकलं. दुसरा प्रश्न: पतीचे नाव?

रेघ लुकलुकत होती. मी हात मांडीवर घेतले.

“टाक ना,” प्रेरणा म्हणाली. “तोंडानं थोडीच घ्याचं आहे? बटनं तं दाबाची आहेत.”

“तुले नाही समजाचं ते पोरी,” जनाबाई म्हणाली. “आमच्या बोटालेही लाज आहे.”

सगळ्या हसल्या. मी थोडा विचार केला आणि मला जे येत होतं ते लिहिलं: रिताचे बाबा. एंटर दाबलं.

पडदा धावायला लागला. ‘घरात माणसे किती? आकडा लिहा. घरात माणसे किती? आकडा लिहा.’ तीच ओळ, एकीखाली एक, इतक्या वेगानं की अक्षरं दिसेनात, नुसत्या पांढऱ्या रेघा. मी खुर्ची मागे सारली.

“अवो माय! अंगात आलं ना वं याच्या!” जनाबाई ओरडली. “निंबू आना कोनी!”

प्रेरणानं काहीतरी दाबून ते थांबवलं. तिचं तोंड उतरलं होतं. “माझ्याच्यानं चुकलं,” ती म्हणाली. “मी घरी तपासताना एकएकच शब्द टाकत होती.”

“पण झालं काय?” मी विचारलं.

तिनं पाटीवर लिहून दाखवावं तसं बोटानं टेबलावर दाखवलं. “मी याले सांगितलं होतं का एक शब्द घे. हा रिकामी जागा दिसेपर्यंत वाचते अन थांबते. तू ‘रिताचे’ लिहिलं, मंग जागा सोडली. याले वाटलं, झालं बोलून. ‘रिताचे’ घेतलं अन पुढच्या प्रश्नावर गेला. ‘बाबा’ मांगंच राहिले.”

“मंग?”

“पुढचा प्रश्न, घरात मानसं किती. तिथं तू काही लिहायच्या आधीच ते मांगं राहिलेले बाबा उभे. याले पायजे आकडा. हा विचारते किती, समोर बाबा. पुन्हा विचारते, पुन्हा तेच बाबा. त्याईले बाजूले करायचं मी सांगितलंच नाही. म्हणून धावून राहिला होता.”

“बाबा तसेच असतेत,” जनाबाई म्हणाली. “आमच्या घरचे बी एकदा दारात उभे राहिले का हटत नाहीत.”

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, “उष्ट्या ताटात दुसरं वाढू नये तसं झालं हे. पयले ताट धुवाचं.”

प्रेरणा म्हणाली, “मोठी आई, आमच्या सरांनी हेच शिकवलं होतं, पण असं नाही सांगितलं.”

दोन दिवसांनी तिनं पुन्हा बोलावलं. आता प्रोग्राम मधल्या जागेला थांबत नव्हता. कितीही जागा सोडा, कितीही वेळ घ्या, एंटर दाबेपर्यंत तो पूर्ण ओळ घ्यायचा. मग ती ओळ तपासायचा. आकडा हवा तिथे अक्षर आलं तर ती ओळ टाकून द्यायचा आणि पुन्हा एकदाच, नीट विचारायचा: ‘बाई, इथे आकडा लिहा.’ ‘बाई’ हा शब्द प्रेरणानं मुद्दाम घातला होता.

मी पुन्हा ‘रिताचे बाबा’ लिहिलं. पडदा शांत राहिला. लिहिता लिहिता मी मध्येच थांबून पाहिलं. जपाचे दहा-बारा मणी होतील इतका वेळ. ती रेघ लुकलुकत होती, बस.

“हे रागावत नाही का?” मी विचारलं.

“नाही. तू दिवसभर बसली तरी तो थांबते. तू एंटर दाबलं म्हंजेच तुझं बोलून झालं, असं त्याले आता समजते.”

खरी अडचण मग निघाली ती यादीत. भोजराजभाऊंनी कागद काढून पाहिला आणि डोक्याला हात लावला. “तीन-तीन छोटूचे बाबा! नोटीस कोन्या छोटूच्या बापाले पाठवू गा?” शेवटी बायकांनी आपली जुनी युक्ती काढली. हिच्या नवऱ्याचं नाव तिनं सांगायचं, तिच्या नवऱ्याचं हिनं, आणि प्रेरणानं टाकायचं. माझ्या ओळीत मात्र प्रेरणानं ‘रिताचे बाबा’ तसंच राहू दिलं. आमच्या घराची पाळी पक्की व्हायची होती. तेव्हा सगळं एकदमच भरू, ती म्हणाली.

त्या दुपारी मी घरी आले. रिताचे बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. मला बघून म्हणाले, “पानी.”

मी माठातून तांब्या भरून आणला. त्यांनी डाव्या हातानं तो लोटला. पाणी गोधडीवर सांडलं. हे नवीन नव्हतं. चैत्रापासून आठवड्यातून दोनदा तरी असं व्हायचं. ते पाणी मागायचे, मी आणायचे, ते लोटायचे. लोक म्हणायचे, लकव्यानं माणूस चिडका होतो. मीही तसंच समजून गोधडी वाळत टाकायचे.

त्या दिवशी गोधडी उचलताना माझा हात थांबला. मला ते मागे राहिलेले बाबा आठवले.

मी तांब्या खाली ठेवला. गोधडी तशीच ओली राहू दिली. खाटेपाशी जमिनीवर बसले, पदराआडून माळ काढली आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, “सांगा. मी बसली आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसत नव्हता त्यांचा, असं मला दिसलं.

“पानी,” ते पुन्हा म्हणाले.

मी उठले नाही. एक मणी, दोन मणी. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझे गुडघे उठायला बघत होते. काहीतरी आणून द्यावं, गूळ का, चादर का, काहीही. मी गुडघे दाबून धरले. दहा मणी झाले. वीस झाले. सत्ताविसाव्या मण्याला ते म्हणाले,

“उतरलं… तलावाचं.”

आणि खाटेच्या लाकडावर बोटानं एकदा ठोकलं. टक.

तलावाचं पाणी उतरलं का, ते विचारत होते. मार्गशीर्षात पाणी उतरतं, मग जाळं टाकायचं. तीस वर्षं या दिवसांत ते रोज संध्याकाळी तलावाच्या बांधावर जाऊन बघून यायचे. आठ महिने हा माणूस मला पाण्याबद्दल काहीबाही सांगत होता आणि मी आठ महिने त्याला प्यायला पाणी देत होते.

मी तोंड पदरात घेतलं. रडले म्हणायचं तर रडले. मग म्हटलं, “उद्या पाहून येतो अन सांगतो.” त्यांनी पुन्हा लाकडावर ठोकलं, टक, आणि डोळे मिटले. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर स्वस्थता होती.

ती टक मी आधी कुठे ऐकली होती ते मला चुलीपाशी बसल्यावर आठवलं. कार्तिकात, भोजराजभाऊ बसले होते तेव्हा. पण ती एक नव्हती. दोन-तीनदा, जोरजोरानं ठोकलं होतं, आणि पेनाला टोपण लागल्यानंतर. ती ‘झालं’ म्हणणारी टक नव्हती. थांबा म्हणत होते ते. ‘भूपेंद्र’ म्हणाले, मग जागा सोडली, आणि आम्ही सगळेच उठून पुढच्या प्रश्नावर गेलो.

त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं. काय, ते मला माहीत नव्हतं. ‘भूपेंद्रले द्या’ हेही असू शकत होतं.

विचारायला मी खाटेपाशी गेलेही. मग परतले. घरी विचारलं असतं आणि माझ्या मनासारखं उत्तर आलं असतं, तर बैठकीत ते मी पढवलेलं ठरलं असतं. लोकांचं सोडा, मलाच तसं वाटत राहिलं असतं. आणि मनाविरुद्ध आलं असतं, तर बैठकीपर्यंतचे चार दिवस मी त्यांच्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघितलं असतं, ते मला सांगता येत नाही. मी देवापुढे हात जोडले. म्हटलं, पाच जणांसमोर पूर्ण बोलू दे त्यांना. पूर्ण बोलून जे येईल ते मी प्रसाद म्हणून घेईन, फक्त अर्धं नको. प्रेरणाला मात्र ती लाकडावरची टक सांगून ठेवली. ती म्हणाली, “म्हंजे मोठ्या बाबूजीचं एंटर आहे ते!”

बैठक गुरुवारी होती. मार्गशीर्षातला गुरुवार, माझा उपास. सकाळी घट मांडला, पाच पानं लावली, पूजा झाली. दहाच्या सुमारास भूपेंद्र हातगाडी घेऊन आला. गाडीवर गादी टाकून त्यानं रिताच्या बाबांना उचलून ठेवलं, लहान लेकराला ठेवावं तसं.

“चाला मोठे बाबूजी, वरात निघाली तुमची,” तो म्हणाला. रिताचे बाबा तोंडाच्या एका बाजूनं हसले.

संस्थेची खोली पुलाच्या खालच्या अंगाला आहे. माणसं सतरंजीवर, बायका दाराशी. कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्यापुढे प्रेरणा. बाकीच्या घरांचं भराभर झालं. मग आमचं नाव निघालं. प्रेरणानं पडद्यावरचा प्रश्न मोठ्यानं वाचला: “पाळी कोणाच्या नावे?”

भोजराजभाऊ रिताच्या बाबांकडे वळले. “सांगा दादा, एकदा सर्वाईले ऐकू जाऊ द्या.”

रिताच्या बाबांच्या कपाळाची तीच शीर फुगली.

“भूपेंद्र.”

“झालं!” भोजराजभाऊ म्हणाले. “टाक पोरी. पुढचं घर कोनतं?”

प्रेरणानं हात बटणांवरून उचलून घेतले. “काका, एंटर नाही झालं अजून.”

“अवं, मंग दाब ना तू!”

“मी नाही दाबत. ते दाबतील.”

“हे काय खूळ काढलं?” भोजराजभाऊ इकडे तिकडे बघायला लागले. “माणूस आपल्या तोंडानं सांगून राहिला. मांगंही हेच सांगितलं. रजिस्टरात लिहिलं आहे मी.”

मी आजवर त्या खोलीत तोंड उघडलं नव्हतं. दाराशी होते, उभी राहिले.

“भाऊजी,” मी म्हटलं, “थांबा जरासक. त्याईचं बोलून नाही झालं. झालं का ते लाकडावर ठोकतेत. तोपर्यंत कोनी बोलू नका.”

“किती वेळ?”

“ते सांगतील तेवढा.”

“मी काही पंचांग घेऊन नाही आलो वहिनी, मुहूर्त पाहाले.”

“काहून एवढी घाई गा भोजराज?” जनाबाई माझ्यामागून बोलली. “गळ टाकून दुपारभर बसतेस, तेव्हा मासोळीले म्हणतेस का, लवकर ये, मले बैठक आहे?”

माणसं हसली आणि मग एकेक करून गप्प झाली. भूपेंद्र हातगाडीपाशी उभा होता. तो खाली बसला, म्हणाला, “थांबू काका. मोठ्या बाबूजीनं मले तं वल्हं धराले शिकवलं तेव्हा दोन वर्षं वाट पाहिली.”

मी माळ हातात घेतली. रिताच्या बाबांनी हातगाडीच्या लाकडी काठावर डावा हात ठेवला होता, पण बोट वर होतं. सगळ्यांचे डोळे त्या बोटावर. बाहेर पुलावरून ट्रक जात होते. बारा मणी. पंधरा. कोणाला खोकला आला, त्यानं तोंडावर गमछा दाबला. मला वाटलं, नाही येत, हे एवढंच होतं, आणि मी उगीच माणसाचे हाल करते आहे. माझं तोंड उघडलंही असेल, जाऊ द्या म्हणायला. पण मी बोलले नाही.

“डोंगा… वल्हवंल,” रिताचे बाबा म्हणाले.

भोजराजभाऊंची मान पुढे आली. “भूपेंद्र डोंगा वल्हवंल? बरं. म्हंजे पाळी…”

प्रेरणानं हात वर केला. बोट अजून वरच होतं. भोजराजभाऊंनी आपलं आपणच तोंड मिटलं.

मग खूप वेळ गेला. मी मणी मोजायचे विसरले. रिताचे बाबा माझ्याकडे बघत होते. एवढ्या माणसांत नवरा आपल्याकडे बघतो म्हटल्यावर एरवी मी मान खाली घातली असती. नाही घातली.

“पाळी…” ते म्हणाले. आणि थांबले. आणि मग, तेहेतीस वर्षांत जे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते म्हणाले.

“रुखमिणी.”

टक.

बोट काठावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

पहिली बोलली ती जनाबाईच. “मायमाय! बायकोचं नाव घेतलं ना गा यानं, भर पंचांत! उखाना तरी घ्याचा होता!”

खोलीचं छप्पर उडेल इतकं हसले सगळे. रिताच्या बाबांचा खांदा हलत होता, तेही हसत होते. भूपेंद्र उठून माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा मला जरा वेळ वाचता आला नाही. मग म्हणाला, “मोठी आई, खरं सांगू? मी हिशेब मनात करून बसलो होतो का आता माझी पाळी झाली. झूट कायले बोलू.” त्यानं मान खाजवली. “पन वल्हवीन मीच. ते तं त्याईनं पयलेच सांगून टाकलं.”

“वल्हव बापा,” मी म्हटलं. “तुझ्याशिवाय कोन आहे?”

भोजराजभाऊंनी रजिस्टर उघडलं, कार्तिकातलं पान काढलं. “अर्धंच लिहिलं मी,” ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही. मग त्यांनी ते खोडलं नाही; ‘भूपेंद्र’ या शब्दाच्या पुढे जागा होती, तिथेच बारीक अक्षरात उरलेलं लिहिलं. पूर्ण वाक्य झालं.

प्रेरणानं खुर्ची रिकामी केली. “ये मोठी आई. तुझी ओळ पुरी करू.”

पाळीच्या प्रश्नापुढे मी माझं नाव टाकलं. मग तिनं माझी जुनी ओळ काढली. पतीचे नाव: रिताचे बाबा. तिनं ते पुसलं. रेघ लुकलुकायला लागली.

“जनाबाई सांगते, मी टाकतो,” ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली, नको म्हणून. मागे वळून पाहिलं. हातगाडीवर रिताचे बाबा होते, दमलेले, डोळे अर्धे मिटलेले. आपल्याकडून जे व्हायचं ते त्यांनी केलं होतं. तेवढं करायला त्यांना काय पडलं ते मी पाहिलं होतं.

मी बटणांकडे वळले. अक्षरं शोधायला वेळ लागला. एक वेलांटी दोनदा चुकली, पुसून पुन्हा टाकली. मध्ये दोन जागा सोडल्या, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव यांच्या मधल्या. मागे कोणी घाई केली नाही. भोजराजभाऊंनीसुद्धा नाही. पूर्ण झाल्यावर मी एकदा वाचलं, मनातच, आणि एंटर दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट उठवला, दिवा लावला, वही उघडली आणि नेहमीचं एकशे आठ वेळा लिहिलं. त्यांचं नाव त्यानंतर पुन्हा कुठे लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही. संस्थेच्या यादीत सतराव्या ओळीत आहे, माझ्या नावापुढे. ज्याला बघायचं त्यानं तिथे बघावं.